दमा आणि घरगुती उपाय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाला सुरुवात झाली की पुण्यात खोकल्याच्या बाटल्या, वाफेची पातेली आणि ओव्याच्या पुरचुंड्या एकदम बाहेर निघतात. या वेळी आलेली बरीचशी पत्रं दम्याच्या घरगुती उपायांबद्दलच आहेत. उत्तरं देताना आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. दम्यासाठी घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली सगळ्यात उपयोगाची कामं म्हणजे गादी-पांघरुणं, भिंतीची ओल, घरातला धूर आणि इनहेलर घेण्याची पद्धत सुधारणं. काढे आणि वाफा त्यानंतर येतात, आणि काही तर येतच नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. पावसाळ्यात रात्री दोन-तीनच्या सुमारास त्याला खोकल्याची उबळ येते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. सासूबाई ओवा आणि कापूर घातलेल्या पाण्याची वाफ देतात, छातीला बाम चोळतात. थोडा वेळ बरं वाटतं, मग परत तेच. वाफ दिवसातून किती वेळा द्यावी? (एक आई, हडपसर)

वाफ बंदच करा. सासूबाई मायेपोटी करतात हे खरं, म्हणून कारण नीट सांगतो, म्हणजे त्यांनाही ते पटवून देता येईल.

दम्यात तीन गोष्टी एकदम होतात. श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. शिट्टीचा आवाज अरुंद झालेल्या नळीतून हवा जाताना येतो. वाफेनं चोंदलेलं नाक मोकळं होतं, म्हणून मुलाला क्षणभर बरं वाटतं. पण आवळलेला स्नायू वाफेनं सैल होत नाही आणि सूजही उतरत नाही. उलट काही मुलांना गरम दमट हवेनं किंवा कापूर, नीलगिरी, पुदिना यांच्या उग्र वासानं जास्तच धाप लागते. शिवाय पांघरुणाखाली मूल आणि समोर उकळतं पाणी म्हणजे भाजण्याला आमंत्रण. धाप लागलेलं मूल चुळबुळ करतं आणि पातेलं कलंडतं ते थेट मांडीवर.

कापराबद्दल विशेष काळजी घ्या. लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात. त्यामुळे कापूर मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नका आणि बाम नाकपुडीत किंवा नाकाखाली कधीच लावू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना असला बाम अजिबात नको. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आपल्या मनगटाला लावून बघून छातीला शेकली तर नुकसान नाही. मुलाला ऊब मिळते, एवढंच. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी मात्र देऊ नका.

त्रास नेमका पहाटेकडे का वाढतो, तेही समजून घ्या. शरीरात तयार होणारं, सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. नळ्या तशाच त्या वेळी थोड्या अरुंद असतात. त्यात हवा गार होते आणि मूल तासन्‌तास गादीत नाक खुपसून झोपलेलं असतं.

उबळ आली की त्याला उठवून बसवा, थोडं पुढे झुकू द्या आणि डॉक्टरांनी दिलेला आराम देणारा इनहेलर स्पेसर (इनहेलरला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं) लावून द्या. नंतर कोमट पाण्याचे घोट. झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध चालेल. सर्दीच्या खोकल्याला त्याचा थोडा उपयोग होतो, शिट्टीला होत नाही. (घरात वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे त्या वयात बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.)

आणि कॅलेंडरवर खूण करत जा. चार आठवड्यांत एकदा जरी मूल दम्यानं रात्री उठलं, किंवा आराम देणारा इनहेलर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला, तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं. त्या खुणा डॉक्टरांना दाखवल्यात तर रोजचं औषध ठरवणं त्यांना सोपं जातं.

प्रश्न : वय ६८. दमा जुना आहे. अडुळशाचा काढा, ज्येष्ठमधाची कांडी आणि रात्री हळदीचं दूध, हे वर्षानुवर्षं चालू आहे. रक्तदाबाची गोळी घेते. यातलं काय चालू ठेवू? (एक आजी, सदाशिव पेठ)

आजी, हळदीचं दूध आवडीनं प्या. पाव ते अर्धा चमचा हळद पुरे. घशाला बरं वाटतं. दमा त्यानं कमी होईल ही आशा ठेवू नका आणि त्याच्या भरवशावर इनहेलर चुकवू नका.

ज्येष्ठमध मात्र थांबवा. त्यातल्या ग्लायसिरायझिन या गोड द्रव्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, तेही पोटॅशियम घटवतं, आणि दम्याच्या इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल जास्त वापरलं गेलं तर तेही. तिन्ही एकत्र आले की पायात गोळे येतात, अंगात त्राण राहत नाही, छातीत धडधडतं. घसा धरला म्हणून एखाद्या दिवशी कांडी चघळली तर बिघडत नाही. तुमचं ते रोजचं आहे, म्हणून सांगतो.

अडुळशाला आधार आहे. त्यातल्या व्हॅसिसिनच्या धर्तीवरच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पण कफ पातळ होणं वेगळं आणि नळीची सूज उतरणं वेगळं. खोकला घट्ट असेल तर काढा थोडे दिवस घ्या. मधुमेह असेल तर बाजारच्या बाटलीवर साखर किती आहे ते वाचा. घरात कोणी गर्भार असेल तर तिला अडुळसा देऊ नका, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

आल्याचा चहा चालेल, दोन-तीन चकत्यांचा. फार तिखटजाळ केला तर पित्त उसळतं, आणि रात्री घशाशी येणारं आम्ल हे तुमच्या वयात दम्याचा खोकला वाढण्याचं मोठं कारण असतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-सात इंच उंचीचे लाकडी ठोकळे द्या. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर येतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं गरजेचं वाटतं. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब किंवा रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ती देणाऱ्या डॉक्टरांना दमा आहे हे माहीत आहे का, विचारा. डोळ्यात घातलेला थेंबसुद्धा रक्तात उतरून श्वासनळ्या आवळू शकतो. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनीही काही जणांना दम लागतो. मनानं काहीही बंद करू नका, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून दवाखान्यात न्या.

प्रश्न : कडक कॉफी प्यायली की दमा सुटतो हे खरं का? (बाणेर)

कॅफीन हे थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाच्या जातकुळीतलं. ते श्वासनळ्या थोड्याशा रुंद करतं आणि हा परिणाम चारेक तास टिकतो. पण फारच थोडा. जवळ इनहेलर नाही आणि दवाखान्याच्या वाटेवर आहात, तर कपभर काळी कॉफी पिण्यात नुकसान नाही. फुफ्फुसांची फुंकून करायची तपासणी असेल त्या दिवशी मात्र चहा-कॉफी टाळा, आकडे फसवे येतात.

प्रश्न : आम्ही जुन्या वाड्यात राहतो. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कोपऱ्यात काळे ठिपके उठतात. मला आणि मुलीला दमा आहे. घर बदलणं शक्य नाही. काय करता येईल? (नारायण पेठ)

या पत्राबद्दल विशेष आभार, कारण घरगुती उपायांचं खरं मैदान हेच आहे.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. कोरड्या ब्रशनं किंवा खराट्यानं खरवडलंत तर सगळी खोली बीजाणूंनी भरते. आधी तो भाग साबणाच्या पाण्यानं भिजवा, मग ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या आणि भिंत पंख्यानं सुकवा. हे काम दमा नसलेल्या माणसानं, तोंडाला मास्क लावून आणि खिडक्या उघड्या ठेवून करायचं. ब्लीचिंग पावडरीच्या वासानं दमेकऱ्याला लगेच धाप लागते, म्हणून तिचा मोह नको. आणि ती संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ठिपके पुसल्यावर नुसता रंग मारलात तर महिनाभरात ते रंगातून वर येतात. पाणी कुठून झिरपतं ते शोधा. पन्हळ तुंबलेली असते, कौल सरकलेलं असतं किंवा मोरीचा सांधा सुटलेला असतो. कपाट भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. पावसात हा नियम पाळणं अवघड आहे, तरी निदान रात्री तरी ते व्हरांड्यात जाऊ देत.

आता गादी. कापसाच्या गादीत धुळीतले सूक्ष्म किडे राहतात, माइट म्हणतात त्यांना. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेच्या कणांचा. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. पाणी ५५ ते ६० अंश सेल्सियस हवं, कोमट पाण्यात किडे मरत नाहीत. मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर चादर बादलीत घालून अगदी कडकडीत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग धुवा. गादी-उशीला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला, म्हणजे आतली धूळ आत राहते. ऊन मिळालं की गादी गच्चीवर टाका, तीन-चार तासांनी पालटा. गादी बडवायची ती गच्चीवरच, खोलीत नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून.

गोधड्या आणि लोकरीच्या रगांबद्दल दरवर्षी तीच चूक होते. थंडीची पहिली चाहूल लागली की ट्रंकेतून काढून थेट पांघरतात, आणि त्याच रात्री दमा उसळतो. ऑक्टोबरच्या कडक उन्हात त्या आधीच काढून धुवा आणि खडखडीत वाळवा. दिवाळीची साफसफाई चालू असेल तेव्हा दमेकऱ्यानं दिवसभर दुसरीकडे जावं. कोरड्या केरसुणीनं उडालेली बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते, म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसणं बरं.

शेवटी धूर. डासांची एक कॉइल जळते तेव्हा तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालेलं आहे. दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवणं म्हणजे काय, ते यावरून कळेल. मच्छरदाणी लावा. धूप आणि उदबत्तीचंही तेच. देवापुढे निरांजन पुरेसं आहे. गणपतीत उदबत्ती लावायचीच असेल तर एकच, खिडकीपाशी. फोडणीच्या मिरचीचा ठसका लागत असेल तर आधी एक्झॉस्ट पंखा लावा, मग तेल तापवा.

प्रश्न : दोन महिने इनहेलर घेतला, पूर्ण बरं वाटलं म्हणून बंद केला. सवय लागते असंही ऐकलं होतं. आता परत दम लागतो. दुसरं असं, की औषध घशातच राहतं असं वाटतं. (वय ३४, कोथरूड)

इनहेलर दोन प्रकारचे असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक रोज घ्यायचा, सूज उतरवणारा. त्यात ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन यांपैकी एक स्टेरॉइड असतं. दुसरा त्रास झाला की घ्यायचा, स्नायू सैल करणारा, बहुधा साल्ब्युटामॉलचा. पहिल्यानं लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडतात आणि दुसऱ्यावर दिवस काढतात. सूज आत वाढत राहते. वर्षाला साल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर गंभीर झटक्याचा धोका वाढलेला असतो. व्यसन लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत आला, कारण आजार होता तिथेच होता.

स्टेरॉइडची भीती मनातून काढा. इनहेलरच्या एका पफमध्ये ते मायक्रोग्रॅममध्ये असतं, १०० किंवा २०० असं. दमा बिघडून स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या तर प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं. रोजचा पफ चुकवणारा माणूस शेवटी त्या गोळ्यांपर्यंत पोचतो.

औषध घशात राहतं याचं कारण पद्धत. टोपण काढा, डबा हलवा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटून श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी दाबा. चार-पाच सेकंद सावकाश आत ओढत राहा, दहा सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं, परत हलवून. बहुतेकांचं दाबणं आणि ओढणं जुळत नाही, किंवा ते जोरात हापसतात, आणि औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतं. स्पेसर लावला की हा प्रश्नच मिटतो. तो मोठ्यांनीही वापरावा, त्यात कमीपणा नाही. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन निथळत ठेवा. फडक्यानं पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध फुफ्फुसात न जाता भिंतीला चिकटतं. स्टेरॉइडच्या पफनंतर चूळ भरा, गुळण्या करून पाणी थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

कॅप्सूल घालून ओढायचा, पावडरचा इनहेलर असेल तर उलट : श्वास जोरात आणि खोल ओढायचा, आणि त्या यंत्रात फुंकर मारायची नाही. पुण्याच्या पावसाळी हवेत कॅप्सूल पाकिटाबाहेर राहिली तर पावडर ओलावते, गुठळी होते आणि औषध जातच नाही. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा.

डबा संपला की नाही हे पाण्यात तरंगवून कळत नाही. हिशेब करा. २०० पफचा डबा, रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ, म्हणजे ५० दिवस. सुरू केल्याची तारीख डब्यावर पेनानं लिहा. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसत राहतो आणि माणूस नुसता वायू ओढत बसतो.

प्रश्न : ओळखीच्यांनी एका गावाहून पुड्या आणून दिल्या. तीन दिवसांत दमा गायब! आता इनहेलर नको वाटतो. कोजागिरीला खिरीतून मिळणारं औषध आणि हैदराबादला मृगाला मिळणारं माशातलं औषध यांबद्दलही सांगा. (पिंपरी)

तीन दिवसांत चमत्कार झाला म्हणूनच काळजी वाटते. नाव-घटक नसलेल्या अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली सापडते, आणि तीही बेहिशेबी. काही महिन्यांत तोंड सुजल्यासारखं गोल होतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अनेक आठवडे घेतल्या असतील तर एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तयार होणं मंदावलेलं असतं. पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका. ते औषध हळूहळू उतरवतील.

खिरीतल्या आणि माशातल्या औषधानं दमा बरा होतो याला पुरावा नाही. श्रद्धेनं जायचं असेल तर आमचं एवढंच मागणं आहे : इनहेलर खिशात असू द्या, आधीचं औषध त्यासाठी थांबवू नका. रांगेतली गर्दी, उघड्यावरची रात्र आणि प्रवासातली धूळ यांनी त्रास उसळू शकतो.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे साडेपाचला तळजाई टेकडीवर फिरायला जातो आणि तिथे कपालभाती करतो. घरी येईतो छाती भरून येते. प्राणायाम दम्याला चांगला ना? (सहकारनगर)

प्राणायाम चांगला, वेळ चुकीची आणि प्रकारही. गार कोरडी हवा भराभर आत-बाहेर केली की श्वासनळ्यांचा ओलावा उडतो आणि त्या आवळतात. कपालभाती आणि भस्त्रिका यांत नेमकं हेच होतं. शिवाय थंडीत पहाटे जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या पाल्याचा धूर तिच्यातच अडकतो. ऊन वर आल्यावर, आठ-साडेआठनंतर जा. नाका-तोंडावर मफलर घ्या, आधी दहा मिनिटं संथ चाला. पाषाणच्या हवामान संस्थेच्या ‘सफर’वर हवेचा निर्देशांक बघून निघालात तर उत्तम.

घरी बसून सावकाश श्वास करा : नाकानं आत, ओठ मुरडून दुप्पट वेळ बाहेर. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास होत आला आहे. अशा संथ श्वसनानं दमेकऱ्याला बरं वाटतं आणि घाबरेपणा कमी होतो, असं आज अनेक डॉक्टरही सांगतात. सूज मात्र त्यानं उतरत नाही.

टेकडीच्या वाटेवर गाजर गवतही बघा. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकाच्या मध्यात, आपल्या पुण्यातच. पावसानंतर त्याला पांढरी फुलं येतात आणि परागानं अनेकांना शिंका, खाज आणि दमा होतो. सोसायटीत ते उपटायचं तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, आणि दमेकऱ्यानं नाही.

प्रश्न : केळं, दही, भात बंद करू का? (धनकवडी)

एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी तासा-दोन तासांत त्रास होत असेल तरच. उगाच पथ्य धरून मुलांची वाढ खुंटवू नका. सुक्या जर्दाळूसारख्या फळांवर आणि काही डबाबंद पदार्थांवर सल्फाइट असतं, त्यानं काहींना खरंच दम लागतो, पाकिटावर बघा.

प्रश्न : मुलीला दम्याबरोबर सतत शिंका आणि नाक चोंदणं आहे. मिठाच्या पाण्यानं नाक धुवावं का? (औंध)

जरूर. नाक सुधारलं की दमाही बऱ्याचदा सुधारतो. २४० मिलिलिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्या, त्यात सपाट अर्धा चमचा मीठ (आयोडीन नसलेलं असेल तर बरं) आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पुढे वाकून, तोंडानं श्वास घेत, एका नाकपुडीतून ओता, दुसरीतून येऊ द्या. मीठ कमी पडलं तरी झोंबतं. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात घालू नका. त्यातला एक अमीबा क्वचित मेंदूपर्यंत जातो आणि जीव घेतो. धाप लागलेली असताना हे करू नका.

प्रश्न : रात्री-अपरात्री जोराचा झटका आला तर दवाखान्यात पोचेपर्यंत घरात नेमकं काय करायचं? गावाकडे जाताना स्पेसर विसरला तर? (वारजे)

माणसाला सरळ बसवा, झोपवू नका. कपडे सैल करा. साल्ब्युटामॉलचा एक पफ स्पेसरमध्ये दाबा आणि त्यातून चार-सहा श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक चार पफ, दर वेळी डबा हलवून. चारही एकदम दाबू नका, आतल्या आत थेंब एकमेकांना चिकटतात आणि कमी औषध पोचतं. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर परत चार, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. वाटेतही दर चार मिनिटांनी चार पफ चालू ठेवा. तुमचा आराम देणारा इनहेलर ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा असेल तर त्याचं प्रमाण वेगळं असतं. ते डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा.

काही खुणा दिसल्या तर चार मिनिटंही थांबायचं नाही. एका दमात वाक्य पुरं होत नाही, फासळ्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, माणूस गुंगीत जातो, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली दाखवतो. शिट्टीचा आवाज एकदम थांबला आणि माणूस थकलेलाच दिसतोय, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. हवा आत जाणंच थांबत आलेलं असतं. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून वरच्या खुणांकडे दुर्लक्षही करू नका.

स्पेसर विसरला तर प्लास्टिकची अर्ध्या लिटरची बाटली उपयोगी पडते. हा जुगाड नाही. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर त्याची चाचणी झाली, १९९९ साली ती प्रसिद्ध झाली, आणि तोंडात नीट बसणारी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. बाटली धुऊन निथळून घ्या. इनहेलरचं तोंड बुडावर टेकवून पेनानं आकार आखा. तापवलेल्या तारेनं किंवा सुरीच्या टोकानं त्या रेषेच्या किंचित आतून भोक पाडा, म्हणजे इनहेलर घट्ट बसेल. फट राहिली तर चिकटपट्टीनं बंद करा, नाहीतर औषध तिथूनच निसटतं. आतले प्लास्टिकचे तुकडे काढून टाका, कडा गुळगुळीत करा आणि जळका वास जाईपर्यंत बाटली उघडी ठेवा. नव्या बाटलीला स्थिर वीज असते, म्हणून साबणपाण्यात धुऊन, न पुसता वाळवा. तेवढा वेळ नसेल तर पहिले दहा-पंधरा पफ आत नुसते मारून घ्या. मग बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून नेहमीसारखे श्वास. झटका आल्यावर हे करत बसायला वेळ मिळत नाही, म्हणून एक बाटली आधीच करून प्रवासाच्या पिशवीत ठेवा.

झटका घरीच ओसरला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. सूज अनेक दिवस टिकते आणि पहिल्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा झटका येण्याची शक्यता जास्त असते. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच-सात दिवसांचा क्रम दिला असेल तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी तो पूर्ण करा.